भीमेकाठच्या इंजिनाचा पाइप

कोकणातलं माणूस मे महिन्यात देशावर जातं ते एक तर लग्नाला, नाहीतर अक्कल गहाण टाकून. माझ्याकडे लग्न नव्हतं. धाकटी बहीण शालन शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईला शाळेत मास्तरीण होती आणि त्या सुट्टीत तिला घरी येता येत नव्हतं. बहात्तरच्या पावसानं दगा दिला, त्याच्या पुढचा हा उन्हाळा. शाळा बंद असली तरी मुलांना सुकडी (दुष्काळात वाटायचा गोड, भाजक्या पिठाचा भुगा) वाटायचं काम मास्तरांच्याच गळ्यात होतं. तेव्हा ती येत नाही तर आपण जाऊ, म्हणून एका पिशवीत तांदूळ, दुसरीत आमसुलं आणि कुळीथ भरून मी चिपळूणहून पुण्याची एसटी धरली. आई म्हणाली, "फिरकीचा तांब्या भरून घे." मी हसले. पाण्याचं ओझं कुणी वाहतं का, असं आम्हा कोकणातल्यांना वाटतं.

पुणं मागे पडलं आणि माझं हसू आटलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती माती, आणि त्या मातीत रांगेनं बसून खडी फोडणाऱ्या बायका. लहान मुलं खडीच्या ढिगांच्या सावलीत झोपवलेली. ढिगाला सावली ती केवढी! रांजणगावला गाडी थांबली तेव्हा गणपतीला लोकांनी बसल्या जागेवरूनच हात जोडले. शेजारची म्हातारी बराच वेळ हात जोडून होती. काय मागितलंत, असं विचारायचीही गरज नव्हती.

शिरूरला, म्हणजे इकडच्या लोकांच्या घोडनदीला, दुसरी गाडी मिळायला वेळ होता. घसा कोरडा पडला म्हणून स्टँडवरच्या हॉटेलात शिरले आणि पाणी मागितलं. मालक माझ्याकडे बघतच राहिला.

"च्या घ्या की बाई."

"चहा नको हो. नुसतं पाणी द्या पेलाभर."

"च्या पायजे तेवढा देतो. पानी न्हाई मिळायचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, थोडी लाजच होती. मी चहा घेतला. तो इतका गोड होता की तहान दुप्पट झाली.

न्हावऱ्यावरून धूळ खात गाडी वडगावला पोचली. शालन न्यायला आली होती. पोरगी काळवंडली होती, गालफडं बसली होती. तिनं हात-पाय धुवायला दिलं ते वाटीभर पाणी, आणि तेही खाली परात ठेवून, कारण तेच पुढं भांड्यांना लागायचं. जेवायला मिलोची भाकरी (मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) आणि हुलग्याचं माडगं. हुलगे म्हणजे आपले कुळीथच निघाले. त्या लाल भाकरीचा घास घशाखाली ढकलताना मला घरच्या भाताची आठवण येत होती आणि त्याची शरमही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शालन मला भीमा दाखवायला घेऊन गेली. नदी म्हणायची ती सवयीनं. डोळे पोचतील तिथवर वाळू, आणि काठाखाली एक डोह तेवढा उरलेला, हिरवट पाण्याचा. त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशात डिझेलचं इंजिन बसवलं होतं. गावातली माणसं आणि जनावरं या एका इंजिनावर तगून होती. वर काठावर दोन हौद. मोठा गावचा. त्याच्या पलीकडे, बाभळीच्या आड, लहान हौद बौद्धवस्तीचा. इंजिन एक, डोह एक, पाणीही तेच. पण हौद दोन. मी शालनकडे बघितलं. ती म्हणाली, "हे आधीपासूनचं आहे. निदान सोपानदादा इंजिनावर आहेत म्हणून दुसरा हौद भरतो तरी."

सोपान म्हणजे इंजिनवाला. चाळिशीचा, उंच, बोलायला मोकळा, बाभळीच्या खोडासारखे हात. वस्तीतलाच. गावात ते जडशीळ हँडल एका दमात फिरवून इंजिन उठवणारा दुसरा गडी नव्हता, म्हणून पंचांनी त्याला इंजिनावर ठेवलेलं. त्याच्या आधीचा इंजिनवाला म्हणायचा, गावचा हौद पुरा भरला की मग वस्तीचा सोडीन. डोहातलं पाणी बेताचं. गावचा हौद काही भरायचा नाही, आणि वस्तीतल्या बायकांनी वाळूत झरे उकरत बसायचं. सोपाननं एक रीत पाडली. इंजिनाचं अर्धं काम झालं की तो कुणाला न विचारता पाण्याच्या नळाचा कॉक फिरवायचा, वस्तीचा हौद भरायचा, आणि मग उरलेलं पाणी पुन्हा गावाकडे. एकदोघं कुरकुरले. पण हँडल मारणारा तोच, त्यामुळे तेही गप्प बसले.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन कण्हत होतं. चार ठोके नीट, एक चुकलेला, आणि नळकांड्यातून पांढरा धूर. डिझेल पंपापासून वरच्या नोझलपर्यंत एक पेन्सिलीएवढी लोखंडी नळी जाते, तिच्या टोकाच्या नटापाशी गळती लागली होती. गावानं आपापले उपाय करून झाले होते. कुणी साबणाचा लगदा थापला होता, कुणी सुतळी गुंडाळली होती, आणि कुणा पहिलवानानं पान्ह्याला लोखंडी पाइप अडकवून नट असा आवळला होता की नळीचं टोकच चेपलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

"गळतंय कुठून त्ये दिसंना," सोपान आम्हाला म्हणाला. इंजिन चालूच होतं. त्यानं उजव्या हाताचा अंगठा नटाभोवती हळूहळू फिरवायला सुरुवात केली. इकडचे सगळे इंजिनवाले असंच करतात म्हणे. डिझेलचा ठोका अंगठ्याला कळतो, त्यावरून पंप चांगला की वाईट ते सांगतात. मला त्याचं कौतुकच वाटलं.

एकदम त्यानं हात मागे घेतला.

"काय झालं?" शालननं विचारलं.

"काय न्हाई. सुई टोचल्यागत झालं." त्यानं अंगठा दाखवला. पेराच्या खाली एक बारीक टिंब, त्याला रक्तही नव्हतं. "घावली जागा. नटाच्या बुडाला चीर हाय. ह्ये हितं व्हायचं काम न्हाई, दौंडाला न्यावं लागंल."

"डिझेल आत गेलं असेल हो," मी म्हणाले.

तो हसला. "गेलं तर बरंच की, बाई. जखमंवर आमी डिझेलच वततो. डिझेल लागलं म्हंजी धनुर्वात व्हत न्हाई."

आडोशाला उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असणार. जो तो त्या पाइपाकडे बघत होता. पाण्याविना गावानं दिवस कसे काढायचे, याचीच चिंता तोंडातोंडात होती.

सकाळी सोपान बैलगाडीपाशी उभा होता तेव्हा त्याचा अंगठा वांग्यासारखा फुगला होता आणि सूज मनगटावर चढली होती. त्यानं हळदचुना लावून फडकं बांधलं होतं. त्याची बायको द्वारका शालनच्या कानाशी लागली, "बाई, रातभर हात उशाला घिऊन बसलं हुतं. मला सांगत न्हाईत, पर लई ठणकतंय." शालन मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तू बरोबर जा. एकटे गेले तर पाइप करून माघारी येतील, हात डॉक्टरला दाखवणारच नाहीत." तिला सुकडी सोडून हलता येत नव्हतं. मी पदर खोचला आणि गाडीत चढले.

गाडी महादूआप्पांची. इंजिनाच्या पंचांतले ते थोरले, पागोटं, पांढऱ्या मिशा, बोलणं लाघवी. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्या बैलांना भीमेच्या वाळूत गाडी ओढताना बघवत नव्हतं, म्हणून आम्ही तिघंही उतरून चालू लागलो. नदीच्या मधोमध उभं राहून पायाखाली नुसती तापलेली वाळू लागते, हा प्रकार मी जन्मात पहिल्यांदा अनुभवला. तिथं वाळूत उकरलेल्या एका झऱ्यापाशी एक बाई करवंटीनं पाणी घागरीत घालत बसली होती. एक करवंटी भरायला किती वेळ लागतो ते मी बघत राहिले. आम्ही पैलतीराला लागलो तरी तिची घागर भरली नव्हती.

"सोपाना, हात दुखतोय का रं?" आप्पांनी विचारलं.

"थोडा थोडा. बधिर झाल्यागत झालाय."

"हू. पाइप नीट धर, बाबा. वाळूत पडला तर चिरंत वाळू जाईल." आप्पांनी त्याला आपल्या पागोट्याचा पदर फाडून पाइपाला गुंडाळायला दिला. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

केडगाव स्टेशनात आप्पा बैल सोडून लिंबाखाली बसले आणि आम्ही पॅसेंजरनं दौंड गाठलं. दौंड म्हणजे रेल्वेचंच गाव. स्टेशनाबाहेर कोळशाची पूड, लाल विटांच्या चाळी आणि जिकडे तिकडे इंजिनांच्या शिट्ट्या. एरवी मी असल्या गावात हौसेनं हिंडले असते. पण सोपान चालताना हात छातीशी धरून चालत होता आणि त्याच्या कपाळाला घाम होता, त्यामुळे माझं कशातच मन लागेना.

"आधी दवाखाना," मी म्हणाले.

"आधी पाइप टाकू. त्येला येळ लागंल. मंग तुमी म्हनाल तिथं."

स्टेशनाजवळच्या गल्लीत एक मिस्त्री लेथ लावून बसला होता. त्यानं पाइप उजेडाकडे धरला, चेपलेल्या टोकावरून नख फिरवलं आणि पान थुंकून म्हणाला, "इतना कसके मारा? ये पहलवानी का काम नहीं है, भाऊ." चिरलेलं टोक कापून नवं टोक, म्हणजे निपल, पितळेनं जोडावं लागेल, पाइप बोटभर आखूड होईल, तेव्हा बसवताना पाइपाची वाकण जरा सैल करा, असं त्यानं सांगितलं. मग त्याची नजर फडक्यावर गेली. "हाताला काय?"

"डिझेल टोचलंय," मी म्हणाले.

"अरे, आम्ही तर रोज डिझेलनंच हात धुतो. कुछ नहीं होता." आणि त्यानं भट्टीचा भाता सुरू केला.

मग मात्र मी सोपानला दंडाला धरून जवळच्या डॉक्टरांकडे नेलंच. डॉक्टर तरुण होते, थकलेले. फडकं सोडलं तेव्हा अंगठा काळानिळा पडलेला आणि तळहात ताणून चकाकत होता. चीर द्यायची तर सही हवी, असं नर्स म्हणाली. सोपाननं डाव्या हातात पेन धरलं, दोनदा रेघ ओढली, अक्षर उमटेना. नर्सनं शाईचा डबा पुढे सरकवला.

"मला सही येती," सोपान म्हणाला.

"येत असेल हो. पण आता अंगठा द्या."

"मी थोरपणी शिकलोय सही. अंगठा दियाचा न्हाई म्हनून शिकलोय."

बाहेर माणसं ताटकळत होती. शेवटी त्यानं डावा अंगठा दिला आणि मान भिंतीकडे वळवली.

चीर पडली आणि त्या खोलीत डिझेलचा वास पसरला. पू नाही, रक्तही थोडंच. वास मात्र वडगावच्या त्या पत्र्याच्या आडोशासारखा. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"कधी झालं हे?"

"काल दुपारी."

"काल! अहो, नोझलचं डिझेल म्हणजे पिचकारी नव्हे. ते केवढ्या तरी दाबानं मांस फाडत आत मनगटापर्यंत गेलंय. तिथल्या तिथं आला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पुण्याला न्या. मोठ्या इस्पितळात. आत्ताच्या आत्ता."

त्यांचं "काल" मला अजून ऐकू येतं. काल आम्ही काय करत होतो? पाइप सोडवत होतो.

सोपान म्हणाला, "पुन्याला जातो. पर गाडी केडगावावरनं जाती ना? आप्पा तिथंच हायती. पाइप त्यांच्या हातात दिला की मी मोकळा." मिस्त्रीकडे पाइप तयार होता. नव्या पितळेची कड सोन्यासारखी चमकत होती. बाकीचं काही असो, काम झकास झालं होतं.

केडगावला गाडी जेमतेम थांबते. मी खिडकीतून ओरडले, "आप्पा! आप्पा!" आप्पा धोतर सावरत धावत आले.

"झाला का पाइप?"

"झाला. पण सोपानला पुण्याला नेतेय. हात वाचतो की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

आप्पांचा चेहरा उतरला. "आरं द्येवा," ते म्हणाले. पाइप मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, एखादं तान्हं मूल घ्यावं तसा.

सोपान खिडकीला टेकला. "आप्पा, ऐका. पाइप बोटभर आखूड झालाय, वाकन सैल करा. वरचा नट आधी ढिला ठिवा. हँडल मारून हवा काढा. डिझेल बिनबुडबुड्याचं आलं की मंग आवळा, पर बेतानं आवळा. आन् चालू इंजानाला कुनी अंगठा लावायचा न्हाई."

"व्हय, व्हय. पर हँडल कोन मारंल?"

"दोघं मिळून मारा. आन् आप्पा..." गाडी हलली. "वस्तीचा कॉक तेवढा फिरवायचं बघा!"

आप्पा गाडीबरोबर चार पावलं चालले. "तू हात बरा करून ये. घाई करू नगो," ते ओरडले. कॉकाचं त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

पुण्यात रात्री उशिरापर्यंत डॉक्टरांनी प्रयत्न केले आणि हात मनगटापासून काढला. मी मावशीकडे मुक्काम ठेवला आणि डबा घेऊन जात राहिले. पहिल्यांदा शुद्धीवर आला तेव्हा सोपाननं पट्टीकडे बघितलं आणि डोळे पुन्हा मिटले. मी कोकणातली बडबडी बाई, पण तिथं वॉर्डात बसून नुसती पंख्याकडे बघत राहायची.

दोन-तीन दिवसांनी द्वारका आली, माझ्या पिशव्या घेऊन. नवऱ्याच्या पट्टीवरून तिनं फक्त एकदा हात फिरवला. मग खाली बसली.

"इंजान?" सोपाननं विचारलं.

"चालू झालं. आप्पांनी पाइप नेला त्याच सांजंला. आप्पांचा पुतन्या बसलाय इंजानावर. दोन गडी लागत्यात हँडलाला, पर चालतंय. ठोका बी चांगला हाय."

"आन् आपला हौद?"

द्वारकानं पदराच्या टोकाला पीळ दिला. "मी आप्पांकडं गेलते. त्ये म्हनले, द्वारके, मी पोरांला सांगितलंय, गावचा हौद भरला की वस्तीचा सोड म्हनून."

"मंग?"

"गावचा हौद कुठं भरतोय!"

मला इतका संताप आला की काय सांगू. गरज सरो वैद्य मरो, एवढंच तोंडात आलं आणि ते मी गिळलं, कारण ते दोघं माझ्याकडे बघतही नव्हते. सोपाननं डावा हात पुढे धरला, मूठ वळली, आणि हवेत हळूच एक गोल फिरवला. मग दुसरा.

"बाई," तो म्हणाला, "डाव्या हातानं हँडल मारता येत असंल का हो?"

"येईल," मी म्हणाले. मला इंजिनातलं काय कळतं! पण तिथं दुसरं काही म्हणवत नव्हतं. द्वारकाला मात्र कळत असावं. तिनं मान खाली घातली.

मग मी परतले. कुंभार्ली घाट उतरताना झाडांची हिरवी गर्दी दिसू लागली, खाली वाशिष्ठीत पाणी होतं, आणि मला ते बघून बरं वाटलं नाही. घरी आईनं आंघोळीला घंगाळं भरून ठेवलं होतं. मी त्याच्याशेजारी नुसतीच बसून राहिले आणि रडले. आईला वाटलं, प्रवासाचा शीण.

शेजारीपाजारी विचारतात, देश कसा आहे, काय काय बघितलंस? मी त्यांना घोडनदीचा चहा सांगते, वाळूतली नदी सांगते, आणि शेवटी पाइपाची हकिगत सांगते. मंडळी कान देऊन ऐकतात. सोपानच्या हाताशी आलं की चुकचुकतात. आणि मग प्रत्येक जण एवढं मात्र विचारतोच, "पण इंजिन सुरू झालं ना?"

झालं, मी म्हणते. त्याच संध्याकाळी सुरू झालं. वस्तीचा हौद भरला का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.